जेवून आलेलं अक्षर

भरमू पेंटरचं अक्षर
नेहमी जेवून आलेलं असायचं.
बाकीच्यांची अक्षरं उपाशी, काटक,
ह्याची ढेकर देऊन भिंतीला टेकलेली.
'म'चं पोट सुटलेलं,
'ग'चा पाय आखूड, 'र' निजायच्या बेतात.
आणि 'ळ'?
'ळ' म्हणजे दोन खानापुरी मडकी
एकमेकांच्या कानाला लागलेली.

कुंभाराचा मुलगा. चाकावर कधी बसला नाही,
पण हातातला घाट गेला नाही.
म्हणायचा, रेघ ओढायची नसतीय पोरी,
थापायची असतीय.

स्टेशन रोडचा गोटी सोडा त्याचा,
'सो'च्या मात्रेतून फेस उतू चाललेला.
पंक्चरवाल्याचा 'ट' त्याचा,
हवा भरून घेत उभा.
अंगणवाडीची भिंत, बँड कंपनीची गाडी,
यल्लम्माच्या जत्रेतला मौत का कुआँ,
आणि उसाच्या ट्रॉलीमागचं 'हळू',
इतकं लठ्ठ
की मागचा गडी आपसूक ब्रेक दाबायचा.

एकदा डॉक्टरची पाटी आली. परत पाठवली.
"लोक ताप घेऊन येतील
आन् हसत माघारी जातील. फी कोण देणार?"
श्रद्धांजलीला तर नाहीच नाही.
"गेलेला माणूस उठून बसंल की गं."

मग नियम आला.
कन्नड वर आणि मोठं,
मराठी खाली आणि लहान.
चौकात चार दिवस दगडच बोलत होते.
भरमू शिडीवर चढला.
वर कन्नड काढलं, गोल, भरलेलं,
प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली तलकट्टूची टोपी.
खाली मराठी, एका दांडीला
वाळत घातलेल्या धोतरांसारखी.
टेप घेऊन माणूस आला. उंची मोजली. बरोबर निघाली.
जाडीचा नियम कुणी केलाच नव्हता.
खालची ओळ बुटकी, पण पैलवान.
दोघींना एकच ब्रश, एकच डबा,
एकाच चुलीवरचं.

मी बेळगावात क्लास करून आले,
त्याच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला.
म्हटलं, काका, सगळी मुळाक्षरं कागदावर काढून द्या,
आपण फॉन्ट करू.
"म्हणजे मी झोपलो तरी लिहीत राहणार?"
होय की.

क ख ग घ झाले. मग ब्रश थांबला.
पन्नास वर्षांत कुणी 'ङ' मागितला नव्हता.
"ह्याचं दुकान कुठं असतंय?"
तरी काढला. बाजूचं टिंब लिंबाएवढं केलं.
"चुकून गिऱ्हाईक आलंच
तर रिकाम्या हातानं जाऊ नये."

कन्नड दिवाळीनंतर, म्हणाला.
दिवाळीपर्यंत हात थरथरायला लागला,
अक्षरांच्या काठांना दात फुटू लागले.
त्यानं ब्रश रॉकेलमध्ये धुतला,
धोतराच्या सोग्याला पुसला,
खिळ्याला टांगला
आणि मला चहा विचारला.

आता आमच्या फ्लेक्सच्या दुकानात
मी यादीतून 'भरमू जाड' निवडते,
आणि खालची ओळ लगेच पाटावरून उठते,
मिशीला ताक लागलेलं.
वरच्या ओळीला कॉम्प्युटरातलं कन्नड,
स्वच्छ, सरळ, हजेरीपटातलं.

काल सोडावाला रुद्राप्पा नवी पाटी न्यायला आला.
उन्हात धरून बघितली. चांगलीय, म्हणाला.
पैसे मोजले.
मग परत फिरला,
वरच्या ओळीवर बोट ठेवलं
आणि तिला तिच्याच भाषेत
जेवलीस का, विचारलं.
"ऊटा आतेन?"

ओळ काही बोलली नाही.